नावावरचे तांदूळ

बंगळूरजवळच्या आनेकलमधल्या माझ्या रेशन दुकानात ती अंगठा पदराला पुसतच येते. आमच्या बेळगावकडची. हॉटेलातली भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, आणि मशीनवर बोट जुळलं नाही तर त्या महिन्याचे तांदूळ मिळत नाहीत.

परवा अंगठा जुळेना. खरं सांगतो, रांग हलावी म्हणूनच मी म्हणालो, "अक्का, माझ्या घरचे घेऊन जा."

"नको अण्णा. तुमचे घेतले तर उद्यापासून तुमच्याशी वाकून बोलावं लागेल. हे माझ्या नावावर आलेत."

ती एकेक बोट टेकवत राहिली. शेवटी डाव्या करंगळीला मशीन वाजलं.

"आता वजनकाटा इकडं फिरवा. मला दिसू दे."

मी फिरवला. वजन पुरेपूर भरलं. रेशनवाले मापात मारतात असं लोक म्हणतात, म्हणून रेशनवाला म्हणवून घ्यायची मला एरवी लाज वाटते. त्या दिवशी माझी मान ताठ होती.