एक मेची रजा

घरात हे कुणालाच माहीत नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आईला किती कळलंय ते मी कधी विचारलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नव्हता. ओळखणाऱ्या माणसाला सांगायची हिंमत मला अजूनही नाही.

बाबा सनतनगरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होते. एक मेला सकाळी कारखान्याच्या गेटवर लाल झेंडा चढायचा. झेंड्याच्या घडीत गुलाबाच्या पाकळ्या भरून गाठ मारायची, दोरी ओढली की गाठ सुटायची आणि पाकळ्या खाली जमलेल्यांच्या अंगावर पडायच्या. ती गाठ बाबा मारायचे. दरवर्षी तेच. सैल झाली तर झेंडा वर जाण्याआधीच उघडायचा, घट्ट झाली तर उघडायचाच नाही. नंतर बेगम बाजारातून आणलेली बुंदी वाटायचे. लहानपणी माझ्यासाठी कामगार दिन म्हणजे ती बुंदी.

पुढे कारखाना बंद पडला. यंत्रं गेली, पत्रे गेले, गेट तेवढं राहिलं. बंद कारखान्याच्या गेटवर कामगार दिन कशाचा? मला वाटलं, संपलं आता. पण ती माणसं जमतच राहिली. मागण्या करायला मालक नव्हता, घोषणा द्यायला आवाज नव्हता – झेंडा चढवायचे, एकमेकांच्या रक्तातल्या साखरेची आणि सुनांची चौकशी करायचे आणि घरी जायचे. बाबांचे गुडघे गेल्यावर गौलीगुड्याच्या घरून मीच त्यांना स्कूटरवर घेऊन जायचो. कंटाळा यायचा – पण न्यायचो.

मग मी नोकरी बदलली. नवं ऑफिस एका अमेरिकन कंपनीचे हिशेब बघतं. त्यांच्या सुट्ट्या त्याच आमच्या. एक तारीख म्हणजे मागच्या महिन्याचे हिशेब बंद करायचा दिवस, त्यामुळे एक मेला मान वर करायला फुरसत नाही. आमचा कामगार दिन सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी. तिकडे उन्हाळा संपतो, लोक शेवटची सहल काढतात, दुकानांत सेल लागतात. इकडे धो धो पाऊस, आणि आम्हाला घरी बसायला एक दिवस.

पहिल्या वर्षी मी नवा होतो, रजा मिळण्यासारखी नव्हती. बाबांना तसं खरं सांगितलं. ते म्हणाले, "असू दे रे, नोकरी बघ." ते वर्ष मी धरत नाही.

दुसऱ्या वर्षापासून धरतो.

कारण दुसऱ्या वर्षी रजा मिळाली असती. आमच्या मॅनेजर बाई कुरकुर करायच्या, पण द्यायच्या. अर्ध्या दिवसाचा तर प्रश्नच नव्हता. फक्त मागायची होती – आणि मागताना कारण सांगायचं होतं. तिथेच मी अडलो. डब्याच्या टेबलावर एकदा कुणाचे वडील काय करायचे असं बोलणं निघालं होतं. कुणाचे बँकेत मोठे साहेब, कुणाचे इंजिनिअर. मी म्हणालो होतो, "बाबा प्रॉडक्शनमध्ये होते." खोटं होतं का? नव्हतं. खरं होतं का? आता त्या टेबलासमोर कसं सांगायचं की बाबांना एका मोडक्या गेटवर लाल झेंडा चढवायला न्यायचंय? कदाचित कुणी हसलंही नसतं. पण मी ते आजमावलंच नाही.

मी घरी येऊन सांगितलं, "बाबा, गेटवरचा कार्यक्रम आता बंद झाला. जागा विकली म्हणे."

ते म्हणाले, "यादगिरी काही बोलला नाही."

यादगिरी म्हणजे त्यांच्या शेजारच्या मशीनवरचे. तीस वर्षांचे दोस्त. बाबा मोबाइल वापरत नसत, यादगिरींचा फोन माझ्याच नंबरावर यायचा. आणि तो येणार हे मला माहीत होतं. एप्रिलच्या शेवटी आलाच. "दादाकू लारैं ना, भाई?" बाबांना ते दादा म्हणायचे, आणणार ना एवढंच विचारत होते. मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. आणि मी म्हणालो, "चाचा, बाबांचं डोकं आता काम करत नाही. कुणाला ओळखत नाहीत. तुम्ही आलात तर घाबरतील."

का? आजारी आहेत, गुडघे दुखतात, एवढं म्हणून भागलं नसतं का? नसतं. मग ते रिक्षा घेऊन भेटायला आले असते. मला पुन्हा विचारणारच नाहीत असं काहीतरी हवं होतं. मी नीट विचार करून बोललो. मला नेमकं बोलायची सवय आहे.

बाबांचं डोकं शेवटपर्यंत माझ्यापेक्षा चांगलं चालत होतं.

यादगिरी म्हणाले, "हौ. नक्को, उनकू तकलीफ नक्को." आणि खरंच आले नाहीत. एकदा बाबांनी मला त्यांना फोन लावायला सांगितला. मी नंबर न दाबता फोन कानाला लावला आणि म्हणालो, लागत नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

सप्टेंबरातल्या सुट्टीला मी त्यांना सिकंदराबादला जेवायला न्यायचो. कसली भरपाई करत होतो कोण जाणे. एकदा त्यांनी विचारलं, आज कसली सुट्टी? मी म्हणालो, अमेरिकेचा कामगार दिन. त्यांना फार मजा वाटली.

"मग तिथे झेंडा कुठे लावतात?"

"झेंडा नाही लावत, बाबा. अंगणात मटण भाजतात."

"मटण?" ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. "चांगलंय की! आम्हाला आयुष्यभर बुंदीवर भागवलं." मग भात कालवता कालवता थांबले. म्हणाले, "आपल्यातही आता कुणी लावत नाही म्हणतोस." थोड्या वेळाने, "मला वाटलं होतं, निदान यादगिरी तरी एकदा येऊन जाईल."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. तेव्हा सांगता आलं असतं. समोर होते ते. मी नाही सांगितलं, आणि पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. खोटं जितकं जुनं होत गेलं तितकं ते मोडायचं धाडस कमी होत गेलं.

बाबा गेले तेव्हा मी गेटवरच्या कुणालाच कळवलं नाही. कळवलं असतं तर ते आले असते आणि दारातच कुणीतरी म्हणालं असतं की काल रात्रीपर्यंत छान गप्पा मारत होते. तरी कुठून तरी कळलंच. तेराव्याला यादगिरी आणि आणखी दोघे आले. माणसं जेवून गेली होती. आई आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली होती. यादगिरी फोटोला हात जोडून बराच वेळ उभे राहिले, मग माझ्याकडे वळले.

"हर साल उनका नाम लेके झंडा चढाए, भाई. गाठ मइं मारतूं, बराबर बैठतीच नइं. पिछले साल तो गेट पे चढके खोलना पड्या." हसले, डोळे पुसले. "हमकू पहचानते नइं थे, तो क्या? हम तो पहचानते थे ना. एक बार लाना था तुम."

आईने विचारलं, "कोण कुणाला ओळखत नव्हतं?"

यादगिरी माझ्याकडे बघत होते, आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "शेवटी शेवटी, आई. कधी कधी." मरणाच्या आदल्या दिवशी ज्यांनी तिला भाजीतलं मीठ कमी झालंय म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याबद्दल. तिच्याच समोर.

आईने पदर सावरला आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला उठली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मीही नाही.

बाबा गेले ते दोस्त आपल्याला विसरले असं समजून. दोस्तांना वाटतं, दादाच आपल्याला विसरले. यातली एक बाजू अजून दुरुस्त करता येते. यादगिरी आहेत, त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, तो लागतो. या एप्रिलमध्येही त्यांचा फोन आला – आता बाबा नाहीत तर तू तरी ये म्हणाले. बघतो म्हणालो.

एक मेला मी कामावर होतो. रजा मागितली नव्हती.