कुलूपबंद अंगणवाडी आणि मोहाखालचा वजनकाटा

मी मुळातच संशयी. वॉचमन म्हणाला, "आज पाणी नाही," तरी नळ सोडून बघणारी. गेल्या वर्षी नोकरी सांभाळून सरकारी कारभारासाठीचं डेटा सायन्स शिकायला लागले आणि या स्वभावाला आयुष्यात पहिल्यांदा गुण मिळाले.

प्रकल्प होता अंगणवाड्यांमधल्या मुलांच्या वजनाच्या नोंदी तपासण्याचा. सेविका मोबाईलवर वजन भरते, मोबाईल वेळ आणि जागाही टिपतो. मी एक नियम लिहिला: नोंद केंद्रापासून लांब झाली असेल तर ती संशयास्पद. चंद्रपूर जिल्ह्यातलं, पोंभुर्ण्यापलीकडचं एक गाव लगेच वर आलं. गेल्या काही दिवसांतल्या सगळ्या नोंदी सकाळी साडेसहाच्या सुमाराला, तेही भर जंगलात! म्हटलं, इथं नक्की पाणी मुरतंय. अशा सेविकांची यादी वरच्या कार्यालयात जाणार होती. नाव गेलं की नोटीस, कदाचित कामावरूनच छुट्टी. आमचे सर म्हणाले, "त्याआधी एकदा डोळ्यांनी बघून ये." मी एप्रिलमध्ये रजा टाकली.

पुण्याहून चंद्रपूरची थेट गाडी रोज नसते, वार बघून तिकीट काढा. बसस्थानकाजवळ आठशे रुपयांत खोली मिळाली. एप्रिलमध्ये कूलर चालू करून दाखवल्याशिवाय खोली घेऊ नका; मी दोनदा चालू करायला लावला. सकाळी तीस रुपयांत तर्री-पोहे. पोंभुर्ण्याची एसटी विचारली, तर पोहेवाले भाऊ मला निरखत म्हणाले, "पोंभुर्ण्याले काऊन जाऊन राह्यल्या, बाई? वाघ पाहाचा असन तं ताडोब्याले जा ना." "काम आहे," एवढंच सांगितलं. त्यांना मी संशयास्पद वाटले असणार, आणि मला त्यांची तर्री कालची वाटत होती. चव मात्र झकास.

पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, खिडकीला ऊन. पोंभुर्ण्यात शेअर ऑटो मिळाला नाही, म्हणून एक पूर्ण ऑटोच ठरवला. गावात पोचले तर अकरा वाजलेले आणि अंगणवाडीला कुलूप. मी कुलपाचा फोटो काढला. खरं सांगते, आनंद झाला होता. शेजारच्या ओट्यावरचे आजोबा म्हणाले, "कोणीच नाई गावात. सारे मोहाले गेले."

तासाभरानं सेविका आल्या. कुंदाबाई, पन्नाशीच्या, खांद्यावर टांगता वजनकाटा. माझ्या हातातला मोबाईल बघून थबकल्या.

"फारेस्टच्या का तुमी?"

"नाही. तुमच्या नोंदी बघायला आले."

"तक्रार केली का कोणी?"

"कॉम्प्युटरनं."

हे त्यांना पटलं नाही. तरी जेवायला वाढलं, भाकर आणि अंबाडीची भाजी. म्हणाल्या, "सकाळी चला माह्यासंगं. पाहा आपल्या डोळ्यानं." मला वाटलं, आता माझ्यासाठी नाटक बसवणार. म्हणून ऑटो परत पाठवला आणि त्यांच्याच घरी मुक्काम ठोकला. नजर ठेवायला!

उजाडताना आम्ही निघालो, सात-आठ बायका, मोठमोठ्यानं बोलत. वाघाला कळलं पाहिजे माणसं येतायत. मोहफुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि हरणं खाऊन जातात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. घरात मागे कोणी राहत नाही, त्यामुळे लेकरंही झाडाखालीच. या दिवसांत केंद्र उघडून बसलं तर वजन करायचं कुणाचं? म्हणून कुंदाबाई काटाच इकडे आणतात. फांदीला दोर, दोराला काटा, काट्याला कापडी झोळी. एकेक पोर झोळीत बसत होतं, त्या वजन मोबाईलवर भरत होत्या.

तरी माझं मन मानेना. मी एकेक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या झोळीत ठेवल्या. काटा दोनवर थांबला. बायका खो खो हसल्या. "झालं का समाधान?" कुंदाबाईंनी विचारलं.

मग रूपा नावाची दीड वर्षाची मुलगी झोळीत बसली. काटा बघून कुंदाबाईंचं हसू मावळलं. महिन्याभरात वजन घटलं होतं. त्यांनी रूपाच्या आईला तिथंच फैलावर घेतलं, "चार दिवसांनी मी पुन्हा येतो इथीच. तवा वाढलं पाह्यजे, नाई तं दवाखान्यात नेतो, तुले पुसत नाई बसणार." मोहाच्या गोड, जड वासात मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

पुण्याला परतल्यावर पहिलं काम केलं: यादीतून कुंदाबाईंचं नाव काढलं. सरांना सगळं सांगितलं, त्यांनी अहवालात एक परिच्छेद घालायला लावला. नियम मात्र होता तसाच राहिला. माझा सगळा प्रकल्प त्याच्यावरच उभा होता. अहवाल वर गेला. मला चांगले गुण मिळाले.

मे महिन्यात कुंदाबाईंचा फोन आला. आधी त्यांनी आभार मानले, नोटीस आली नाही म्हणून. मग म्हणाल्या, "पण बाई, तो मोबाईल आता जंगलात वजन घेतच नाई. केंद्रातूनच भरा म्हन्ते. वरून नवीन नियम आला."

नियम कुठून आला ते मला विचारावं लागलं नाही.

"मग काय करता?"

"काय करीन? लोकं तेंदुपत्ता तोडाले जंगलात जाऊन राह्यले. मी रोज केंद्रात बसतो आन् मागचंच वजन लिवतो."

"रूपाचं?"

"तिचं जरासं वाढवून लिवलं. कमी लिवलं तं माह्यावरच शक घेतील."

फोन ठेवून मी लॅपटॉप उघडला. त्या गावात संशयास्पद नोंद एकही नव्हती.