कॅलेंडरच्या कव्हरची वही

दमयंतीबाईंनी देवापुढं दिवा लावला, वरणासाठी मूठभर डाळ धुतली, तेवढ्यात दार वाजलं. दारात पडेगावची उमा उभी होती. बाईंच्या दिवाळी अंकातल्या कथा तीच टाइप करून द्यायची.

"काकू, ही तुमची गोष्ट नाय," उमा वही पुढं करत म्हणाली. "अकराव्या पानावर मधूदादाचं नाव आलं, तेव्हा कळलं. मग थांबले."

बाईंनी वही उघडून पाहिली. कथेच्या वहीऐवजी भलतीच वही उमाकडे गेली होती. सगळ्या वह्यांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं घालायची सवय अशी अंगाशी आली होती. ही वही समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी लिहायला लावलेली. यजमान गेल्यापासून पुण्याचा मुलगा मधुसूदन दर रविवारी फोन करी, आणि बाई "मजेत आहे" म्हणून मोकळ्या होत. खरं काय ते वहीत होतं. त्यातलं एक तरी वाक्य मुलाला सांगा, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. चार रविवार ते वाक्य ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

"कथा लिहून लोकांना लई रडवता," उमा हळूच म्हणाली, "अन् स्वतःच्या पोराशी बोलायला लाजता व्हय?"

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला.

"टाइप केलेलं मी सगळं पुसून टाकते, काकू. कुणाला नाय सांगणार."

"पुसू नको," बाई म्हणाल्या. "ते अकरावं पान तेवढं मधूला मोबाइलवर पाठव. मला एकटीला जेवण जात नाही, असं लिहिलंय ते."