झाडलेली पुळण

आज जेवणानंतर झोपायचं नाही, असं स्वतःला बजावून मोरेश्वर नाखवा खाटेवर आडवा होतो. असं बजावणारी माणसं सगळ्यात आधी घोरायला लागतात. दोन वाजलेत. पोटावर हरकतीचा कोरा अर्ज आहे. तालुक्याच्या कचेरीत तो आज साडेपाचच्या आत पोचला पाहिजे, आणि जीपला तास लागतो. लिहायचं एवढंसं एक पान. मोरेश्वर तीन दिवस लिहितोय, अजून पहिलं वाक्य नाही.

गावापुढची वाळूची पुळण नव्या विकास आराखड्यात 'वापरात नसलेली मोकळी जागा' म्हणून दाखवलीय आणि हॉटेलांसाठी राखून ठेवलीय. आज हरकत गेली नाही, तर आराखडा तसाच कायम होणार. गाव म्हणतं, मोजणीवाले आंधळे होते. सरपंच मोरेश्वर मान डोलावतो. मान डोलवायला काही कष्ट पडत नाहीत.

पंख्याचा आवाज हळूहळू ओला होतो.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

खाटेच्या पायथ्याशी मंजुळाआत्या बसलीय. मोरेश्वरच्या बापाची धाकटी बहीण. सुके बोंबील करण्यात हयात गेली, गेल्या दिवाळीत वारली. मेलेल्या माणसाला काय विचारावं ते न सुचून तो विचारतो, "आत्या, जेवलीस?"

"जेवते कसली! जन्मभर बोंबील वाळवले मी, आणि बाराव्याला पानात पापलेट वाढलंत. कुणाला दाखवायला रे?"

"पाहुणे आले होते, आत्या."

"तेच म्हणते मी."

खाट आता पंचायतीच्या कचेरीत आहे. भिंतीवर आराखड्याचा नकाशा, आणि आत्या त्याच्या रेघांवर बोंबील टांगतेय, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, भराभर. मोरेश्वरला उठायचंय, पण फरशीवर घोट्याएवढी वाळू आहे.

"मोऱ्या, ही पुळण पिवळी का रंगवलीय?"

"मोकळी जागा पिवळी दाखवतात."

"मग माझ्या वलांड्या कुठायत?" बांबू रोवून, त्यांना दोर ताणून बोंबील वाळवायच्या त्या रांगा.

"मोजणीवाल्यांना दिसल्या नाहीत."

कचेरीच्या पायरीवर पाणी येतं.

"आंधळे होते?"

"आंधळेच."

पाणी उंबऱ्यावर येतं. आत्या मागे वळूनही बघत नाही. "बोल, बोल," ती म्हणते. "अजून दोनदा बोललास की टेबल तरंगेल."

पुळणीवर माघातलं ऊन आहे. लाउडस्पीकर ओरडतोय आणि आवाज मोरेश्वरचाच आहे: मोजणीचे साहेब येताहेत, पुळण आरशासारखी दिसली पाहिजे! पाहुणा येणार म्हटल्यावर या गावात चुलीतली राखसुद्धा लपवतात. अठ्ठावीस होड्या खाडीत गेल्या. जाळी घरात. एकेचाळीस वलांड्यांपैकी सदतीस लोकांनी आपल्या हातांनी उतरवल्या आणि देवळामागे रचल्या. खराटे फिरले. कुणा हौशीने वाळूवर रांगोळीसुद्धा काढली. उरल्या चार. त्यांच्या सावलीत मंजुळाआत्या मांडी घालून बसलेली, उठेना. तिच्या चारही वलांड्या मोरेश्वरने स्वतः उपटल्या. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आत्या, गावाची शोभा होईल."

आताही तो बांबू उपटतोय. एक निघतो की तिथेच दुसरा उभा. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर साहेब बसलेत. त्यांच्या चेहऱ्यांच्या जागी नुसता उजेड आहे. वरून ड्रोन घोंघावत जातो.

"वा, सरपंच! किती मोकळं!" साहेब म्हणतात आणि चहाची तारीफ करतात.

त्यांच्या खुर्च्यांचे पाय पाण्यात आहेत. पाणी खुर्च्यांवरून पुढे सरकतं, पहिल्या घराच्या ओट्याकडे.

"आत्या, भरती थांबव."

"मी काय भरतीची कारकून आहे? धर हा." दोराचं टोक ती त्याच्या मुठीत कोंबते. "ताण."

दोर कुठे बांधलाय ते दिसत नाही. पलीकडे सबंध किनारा ओढतोय असं वाटतं. मोरेश्वरच्या टाचा वाळूत रुततात.

"खरं सांगितलं तर लोक मला काय म्हणतील?"

"गाढव म्हणतील. आज म्हणाले तर पुळणीवर उभे राहून म्हणतील. उद्या कुठे उभे राहणार, बाबा?"

पाणी गुडघ्याला लागतं. दोर सुटू बघतोय, हाताची आग होतेय.

"आत्या, त्या दिवशी तू रागावलीस ना माझ्यावर?"

"रागावले म्हणजे! आठ दिवस तुझ्या घरचं पाणी प्याले नाही. आता मेल्यावर कुठे ते धरून बसू? तू दोर सोडू नकोस. मोऱ्या, सोडू नको म्हटलं ना—"

"अहो!"

पंखा कोरडा फिरतोय. दारात बायको, हिरावती, चहा घेऊन उभी आहे. "तीन वाजून गेले. आणि हाताला काय झालं तुमच्या?"

मोरेश्वर मूठ उघडतो. उजव्या तळव्यावर आडवा लाल वळ उठलाय, दोराच्या पिळासकट. त्यात काथ्याचा एक तंतू रुतलाय. या घरात काय, अख्ख्या गावात आता सगळा दोर नायलॉनचा आहे.

"जीप काढायला सांग," तो म्हणतो. "आणि साडेसहाला सगळ्यांना देवळात बोलव. मला सांगायचंय काही."

"काय ते?"

"ऐकशील तेव्हा हसशील."

तो अर्ज मांडीवर घेतो आणि लिहितो: 'मोजणीच्या दिवशी सदर पुळण रिकामी होती, कारण ती सरपंच या नात्याने मीच रिकामी करवून घेतली होती.' पेन धरलं की वळ चुरचुरतो. तो पेन आणखी घट्ट धरतो आणि पुढची ओळ लिहायला घेतो.