तिसरी दवंडी

सोतिबोल्दी-अका कचेरीच्या कोठडीत मेला, त्याला आज सतरा दिवस झाले. कागदावर कारण लिहिलंय: खोकला. तो कागद मीच वाचला. जुन्या गावात रशियन वाचणारे आम्ही दोघंच. एक मी, दुसरा कचेरीतला दुभाष्या इल्यास.

अका, म्हणजे सगळ्यांचा थोरला भाऊ, दवंडीवाला होता. एकतीस वर्षं. दर बुधवारी, बाजारच्या दिवशी, तो तीन ठिकाणी उभा राहायचा. खोगीरवाल्यांच्या आळीतल्या दगडावर, मशिदीच्या हौदाशी आणि कालव्याच्या पुलावर. पुलाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे रशियनांचं नवं शहर. तिन्ही ठिकाणी ओरडून झालं की गोष्ट गावाला कळली असं धरायचं. दोनच ठिकाणी ओरडली तर ती दवंडीच नव्हे. तिसरी झाली की मुदत सुरू. हा नियम रशियन येण्याआधीचा. त्यांनी तो तसाच ठेवला, कारण त्यात त्यांची सोय होती.

सुरुवात ठरलेली. "लोकहो, नंतर ऐकलं नाही म्हणू नका."

मग हरवलेलं गाढव, सापडलेला एक बूट, कुणाच्या पाण्याची पाळी कधी, कुणाच्या मुलीचं लग्न. सरकारी कागद असला तर तो इल्यासकडून दोनदा वाचून घ्यायचा, आणि मग स्वतःच्या शब्दांत त्यालाच परत सांगून बघायचा. "कागद आधी तोंडात घोळवायचा," तो मला म्हणायचा. "कडू लागला तरी तसाच थुंकायचा नाही. लोकांना समजेल असा करून थुंकायचा." कचेरी लिहायची, सक्त मनाई आहे. अका ओरडायचा, "कालव्यात कातडी धुऊ नका. धुतलीत तर वास हाकिमाच्या नाकात जाईल आणि चाबूक तुमच्या पाठीवर येईल."

मी कझानला चार वर्षं साहित्य शिकलो. परत येऊन नव्या शहरातल्या शाळेत मास्तर झालो. संध्याकाळी अकाकडे चहाला जायचो. तो मला मुल्ला म्हणायचा, म्हणजे शिकलेला. त्याच्या एका दवंडीत जेवढी भाषा होती तेवढी माझ्या चार वर्षांच्या वह्यांत नव्हती. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

त्याच्या नावाबद्दल सांगायला हवं. त्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा आईनं त्याला खिडकीतून शेजारणीला विकलं आणि टोपलीभर कोंडा देऊन दारातून परत घेतलं. मरणाला वाटावं, हे पोर दुसऱ्याचंच आहे. सोतिबोल्दी म्हणजे विकत घेतला. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ. त्यांना कोणी हसत नाही.

गेल्या हिवाळ्यात कचेरीनं त्याला कोट दिला. जाड, करडा, पितळी गुंड्यांचा, छातीवर नंबराचा बिल्ला. इल्यास म्हणाला, कोटाची पावती आहे, इथं शिक्का उमटव. अकानं उमटवला. एकतीस वर्षांत हा एकच कागद त्यानं वाचून घेतला नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कोटाच्या पावतीत घोळवायचं काय?"

त्याच आठवड्यात नव्या शहरातल्या टपालकचेरीबाहेरच्या फळ्यावर एक कागद लागला. रशियनमध्ये. मी त्या फळ्यापुढून दिवसातून दोनदा जात होतो. शेजारी नाटकाची जाहिरात होती. ती मी थांबून वाचली. हा कागद वाचला नाही.

त्यात लिहिलं होतं, कालव्याच्या काठच्या तुतीच्या रांगेवर ज्यांचा हक्क असेल त्यांनी दवंडी झाल्यापासून चाळीस दिवसांत यावं. नपेक्षा जमीन सरकारची. तिथं बाग होईल, बाकं बसतील.

त्या रांगेत एकशे चाळीस झाडं होती. कुणा एकाची नव्हती, आळीची होती. वसंतात घराघरांत रेशीमकिडे असतात आणि सगळ्यांचा पाला तिथला. हे कागदावर लिहून ठेवायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

कुऱ्हाडी आल्या त्या आठवड्यात किडे चौथ्यांदा कात टाकून झोपेतून उठले होते. त्यानंतर सात दिवस त्यांची मोठी भूक असते. रात्रंदिवस खातात, घरात पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. माणसं अंगणात झोपतात, कारण घर किड्यांचं असतं. दोन दिवसांत निम्मी रांग आडवी झाली. बायका पडलेल्या फांद्यांचा पाला ओरबाडून नेत होत्या. तिसऱ्या दिवशी तो पाला मलूल झाला. मलूल पाल्यानं किडे सडतात. चौथ्या दिवशी घरं गप्प झाली. कालव्यातून पांढरे किडे वाहत गेले, नव्या शहराच्या बाजूला. तिथल्या बदकांनी खाल्ले.

आळीतल्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडून तक्रार लिहून घेतली. हाकिमानं, म्हणजे कचेरीतल्या रशियन अंमलदारानं, चौकशी होईपर्यंत कुऱ्हाडी थांबवल्या. सत्तर झाडं उभी राहिली. पाच दिवसांनी उत्तर आलं. पुलापाशी सगळे जमले होते, बायकाही होत्या. मी लिफाफा फोडला आणि मोठ्यानं वाचत सुटलो. आधी एकदा नजर फिरवायची एवढी अक्कल मला झाली नाही.

"दवंडी रीतसर तीन ठिकाणी झाली आहे. दवंडीवाल्याचा शिक्का सोबत जोडला आहे."

सगळे अकाकडे बघायला लागले. अकाकडे म्हणजे कोटाकडे.

ओयपोश्शा-खाला पुढे आली. विधवा बाई, आळीची मावशी. तिच्या घरी सगळ्यांपेक्षा जास्त किडे होते. "आईनं एकदा विकलं तुला," ती म्हणाली. "या खेपेला तू आम्हाला विकलंस. कोट मात्र झकास मिळवलास हां."

अकानं तिच्याकडे बघितलं नाही. मला म्हणाला, "परत वाच."

मी वाचलं.

"मी ओरडलो असं लिहिलंय?"

"तीनदा."

"कुठल्या बुधवारी?"

मी तारीख सांगितली. तो बोटांवर मोजत राहिला. मग खालाला म्हणाला, "त्या बुधवारी माझा घसा बसला होता. पाण्याचा पेला मागायला आवाज नव्हता. मुळ्याचा रस आणि मध कुणी आणून दिला होता?"

बुरख्याआड तिचं तोंड दिसत नव्हतं.

"मीच," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. कोट काढ तो. बघवत नाही."

त्यानं कोट काढला आणि कापलेल्या तुतीच्या बुंध्यावर ठेवला.

आम्ही दोघं कचेरीत गेलो. इल्यास नखं कापत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "शिक्का तुझाच ना, अका?"

"माझाच."

"झालं तर. घसा कुणाचा बसला होता हे कचेरी विचारत नाही."

"तू म्हणालास, कोटाची पावती."

"कोट मिळाला ना?" इल्यास म्हणाला. "मग पावती खोटी कशी?"

आम्ही बाहेर आलो. अका शांत होता. त्याला एकच गोष्ट दिसत होती. दवंडी झाली नाही म्हणजे मुदतही सुरू झाली नाही. दवंडी आता दिली तर चाळीस दिवस आता सुरू होतील. त्या चाळीस दिवसांत आळी शिक्के घेऊन जाईल आणि राहिलेली सत्तर झाडं वाचतील.

"हाकिमाला न विचारता ओरडलात तर पकडतील," मी म्हणालो.

"कागद त्यांचाच आहे, मुल्ला. मी फक्त आवाज घालतोय. फळ्यावरच्या कागदाची नक्कल घेऊन पुलावर थांब. तिसऱ्या वेळेपर्यंत माझी आठवण दमते."

बुधवार आला. खोगीरवाल्यांच्या दगडावर तो कोटाशिवाय चढला. त्याचं नेहमीचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशी तो ते म्हणाला नाही.

"लोकहो," तो ओरडला, "ऐकलं नाही असंच म्हणा. हाकिमानं विचारलं तरी म्हणा, काझीनं विचारलं तरी म्हणा. ऐकलं नव्हतं, कारण मी ओरडलोच नव्हतो. आज ओरडतोय. आता ऐका."

मग कागदातला शब्द न शब्द. हौदापाशी पुन्हा. तो आवाज मला पुलावर ऐकू येत होता. मग थांबला. शिपायांनी हौद आणि पुलाच्या मधे त्याला धरलं. पहिला ठोसा तोंडावर मारला. दवंडीवाल्याला कुठं मारायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

पुलावर शंभरेक माणसं होती. कागद माझ्या हातात होता. माझा घसा बसलेला नव्हता. पुलापलीकडे माझ्या शाळेचं हिरवं छप्पर दिसत होतं, आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

खालानं माझी बाही ओढली. "ओरड की."

माझी नजर छपरावरून हलली नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझी नोकरी आहे. मला नुसते शब्द सांग. माझ्याकडून कोण काय काढून घेणार? किडे तर बदकांनी खाल्ले."

मी हळू आवाजात शब्द सांगत गेलो. ती ओरडत गेली. घोड्याच्या केसांच्या काळ्या जाळीमागून तो आवाज येत होता. आमच्या गावात बाईचा आवाज घराच्या भिंतीबाहेर जात नाही. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

दुसऱ्याच दिवशी आळीनं अकरा शिक्क्यांचा अर्ज दिला.

नवव्या दिवशी मला अकाला भेटू दिलं. ओठ फाटले होते. समोरचे दात नव्हते.

"तिसरी झाली का?"

"झाली."

"कुणी केली? तू?"

"खालानं."

तो हसला आणि हसता हसता खोकला. "तिचा पोचतो. भांडताना पार गिरणीपर्यंत पोचतो." मग त्यानं भिंत दाखवली. नखानं नऊ रेघा ओढल्या होत्या. "एकतीस राहिले," म्हणाला.

विसाव्या दिवशी उत्तर आलं. तिसरी दवंडी नेमलेल्या इसमाने दिलेली नाही. ती एका स्त्रीने दिली. सबब दवंडी झाली नाही. हिवाळ्यातली मात्र झाली होती. ओरडली ती झाली नाही, ओरडली नाही ती झाली. मी साहित्य शिकलोय. असं वाक्य मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. ते लिहिणाऱ्याला रात्री झोप लागते, हे मला माहीत आहे. तो रोज सकाळी फळ्यापुढून ताजातवाना जातो.

तेविसाव्या दिवशी उरलेली रांग पडली.

सव्विसाव्या दिवशी मी पुन्हा भेटायला गेलो. तो उठून बसू शकत नव्हता.

"झाडं?"

"आहेत."

"किती?"

"सत्तर."

त्यानं डोळे मिटले. एकतिसाव्या दिवशी तो गेला. न्यायला गेलो तेव्हा मी भिंतीवरच्या रेघा मोजल्या. एकतीस. त्याच्या हिशेबानं अजून नऊ दिवस हातात होते.

फळ्यावर आता नवा कागद आहे. मी हल्ली थांबून सगळं वाचतो. दवंडीवाला पाहिजे. आवाज मोठा असावा. वाचता येण्याची आवश्यकता नाही. कोट कचेरीतून मिळेल.

काल पुलावर खाला भेटली. अकाला मी सत्तर झाडं उभी आहेत म्हणालो होतो, ते तिला सांगितलं. मला वाटलं होतं, बरं केलंस म्हणेल.

ती कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिली.

"म्हणजे," ती म्हणाली, "तूही त्याला ऐकवलं नाहीस."