करडीच्या तेलातला एअर फिल्टर

दिवाळीच्या सुट्टीत मी जालन्याहून घरी आले, तेव्हा आमची गाडी जाणार हे ठरून गेलं होतं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, परतूरच्या भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं की भाऊबीज झाली की ये आणि घेऊन जा. जालन्यात भंगार वितळवून सळया करतात, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणजे आमची पांढरी गाडी थोड्याच दिवसांत कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन पडणार होती. मी हे ऐकलं आणि हातातला लाडू खाली ठेवला.

गाडी जुनीच होती. लहान इंजिन, कार्ब्युरेटर, टर्बो वगैरे काही नाही. पण स्टिअरिंग मी पहिल्यांदा धरलं ते तिचं, आणि कॉलेजच्या पहिल्या दिवशी माझी पेटी घेऊन जालन्यापर्यंत आली तीही तीच. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. मेकॅनिकल डिप्लोमाच्या वर्गात आम्ही मुली अगदी थोड्या. तिथे मी एक सवय लावून घेतली होती, ती इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. समजलं नाही तरी मी मान हलवायचे. विचारलं तर लोक म्हणतील, हिला एवढंही माहीत नाही. म्हणून मान हलवायची आणि मग एकटीने शोधत बसायचं.

आजोबांची मेंढरं होती. अण्णांनी मेंढरं सोडून शेती धरली, पण त्यांचं बोलणं मेंढरांचंच राहिलं. गाडीबद्दल ते म्हणायचे, "हिला धाप लागती. चढ दिसला की बसती. आता हिला बाजार दाखवायचा." धाप लागायची हे खरं होतं. गावाबाहेर कॅनॉलचा पूल आहे. तिथला चढ आला की चालवणारा सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं, मागून ढकलायचं आणि वर पोचलं की पळत जाऊन पुन्हा बसायचं, असा नेमच झाला होता. माझी मोठी माय, म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणायची की या गाडीत बसायचं तर चपला मजबूत पाहिजेत.

माझ्या बॅगेत एक एअर फिल्टर होता. जालन्यात मस्तगडला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या भावाने तो आपली गाडी विकताना काढून घेतला होता आणि शोकेसमध्ये बक्षिसाच्या कपाशेजारी ठेवला होता. शंकूसारखा आकार, अंगाला लाल सुती जाळी, टोकाला चकचकीत टोपी. मी तो एवढ्या वेळा पाहिला की शेवटी त्यानेच मला देऊन टाकला. धुऊन पुन्हा वापरता येतो, म्हणाला. धुतल्यावर पूर्ण वाळू द्यायचा आणि तेल लावून बसवायचा. कोणतं तेल, हे मी विचारलं नाही. मान हलवली.

अण्णांना मी भीतभीतच म्हटलं की मला एकदा काहीतरी करून बघू द्या. त्यांनी हातातली सुपारी अडकित्त्याने कातरली. मग म्हणाले, "परवा मोठ्या मायला जांबला जायचंय. गव्हाचं पोतं बी न्यायचंय देवाला. पुलावर एक जरी माणूस खाली उतरलं तर मंग बोलायचं न्हाई, बाई. भंगारवाला तेरवाच येऊन राह्यला."

मी लगेच बॉनेट उघडलं. एअर फिल्टरचा काळा डबा इंजिनाच्या डोक्यावर असतो. त्याचं झाकण काढलं आणि मला आधी कळेचना की आत काय आहे. कागदाच्या घड्या दिसायला हव्या होत्या, दिसत होती गोधडी. आमचं घर जिनिंगला लागून आहे. सरकीतून कापूस वेगळा करताना जे तंतू उडतात ते आमच्या अंगणात, पाण्यात, भाकरीवर सगळीकडे येतात. गाडी त्याच भिंतीला उभी असते. कित्येक हंगामांचा कापूस त्या डब्यात जाऊन बसला होता. मी तो हाताने ओढला तर सलग निघाला. माय बघायला आली आणि म्हणाली, यात एक उशी सहज भरंल.

डबा काढून टाकला. फिल्टरचं तोंड आणि गाडीचा रबरी पाइप यांचं माप जुळेना, म्हणून ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबची पट्टी कापून मध्ये गुंडाळली आणि वरून क्लिप आवळली. हात काळे, कपाळ काळं, आणि मला आतून सारखं हसू येत होतं. वर्गात प्रॅक्टिकलला पाना मुलांच्या हातात असतो, मी आकृती काढते. इथे पाना माझ्याच हातात होता आणि कुणी मागत नव्हतं.

राहिलं तेल. त्याच्यासाठी फिल्टर पुन्हा काढला. कोणतं लावायचं याचा मी एकटीने विचार केला, आणि माझ्या एकटीच्या विचाराला स्वयंपाकघरातली करडीच्या तेलाची किटली दिसली. मायने ती माझ्या हातातून घेतली. तुला डोक्याला तेल लावता येत न्हाई, याला काय लावणार, म्हणाली. फिल्टर मांडीवर घेऊन तिने अभ्यंगाच्या दिवशी लावतात तसं तेल लावलं, चांगलं मुरवून, वर पुन्हा एक हात फिरवून. मग मी तो बसवला. तेवढ्यात मोठी माय हळदीकुंकू घेऊन आली. नवी वस्तू आहे, तशीच कशी चालू करायची, म्हणून तिने जाळीवरच बोटं ओढली.

जांबला निघायच्या दिवशी अण्णांनी चावी फिरवली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. आमची गाडी पूर्वी कुरकुर करायची. आता तिने खर्जात एक लांब हुंकार भरला. पाय दाबला की हुंकार वाढायचा, सोडला की सुस्कारा. कोंबड्या भिंतीवर चढल्या. मोठी माय मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाली, "भावजी, ही तर तुमच्यावानीच घोरायला लागली."

अण्णा हसले नाहीत. पुलाचा चढ लांबूनच दिसत होता. मी पुढे बसले होते. मागे माय, मोठी माय आणि दोघींच्या मध्ये गव्हाचं पोतं. नेहमीच्या जागी माय सवयीने पदर खोचून दाराच्या कडीला हात लावून बसली. मी तिला म्हटलं, कडी सोड. मला माझाच आवाज बारीक वाटला.

गाडी चढाला लागली. हुंकार वाढत गेला. अर्धा चढ झाला. आणि तेवढ्यात गाडीत वास आला. स्पष्ट, खमंग, कढईतल्या तेलाचा.

अण्णांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "भजे कोणी आणलेत?"

माय म्हणाली, मी तर दशम्या आणल्यात. मोठ्या मायने पिशवी तपासली. वास वाढत होता आणि गाडी चढत होती. मी आरशात पाहिलं तर मागे निळसर धुराची शेपटी निघाली होती. गाडीने पूल चढला, माथ्यावर आली, पलीकडे उतरायला लागली. कुणीही उतरलं नव्हतं. मोठ्या मायने आधी पोत्यावर डोकं टेकलं आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मग माय हसली. मग मी. आमच्या शेजारून एक मोटरसायकलवाला गेला. वळून म्हणाला, "काका, भज्याचा गाडा कुठं लावून राह्यले?"

"जांबला," अण्णा म्हणाले. "जल्दी या, गरम हायेत."

अण्णांनी विनोद केलेला मी फार कमी वेळा ऐकलाय. तिथून जांबपर्यंत आम्ही नुसते हसत गेलो. कुणी थांबलं की मोठी माय नुसतं नाक ओढायची आणि पुन्हा सुरू.

पण देवळापाशी गाडी लावल्यावर माझं हसू गेलं. बॉनेट उघडलं तर फिल्टरमधून तेल ठिबकत होतं. मायचा हात सढळ, आणि इंजिनाने ते सगळं आत ओढून जाळलं होतं. परतीत इंजिन बसलं तर भंगारवाल्याला तिला इथूनच उचलून न्यावं लागणार. त्या दोघी पोतं घेऊन देवळात गेल्या. मी फोन हातात धरून उभी राहिले. नंबर काढला, ठेवला, पुन्हा काढला. शेवटी मैत्रिणीच्या भावाला विचारलंच, "दादा, तेल कोणतं लावायचं असतं?"

"तू कोणतं लावलं?" त्याने विचारलं, आणि मी सांगितलं. मग हसण्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ आला. पण त्याने सगळं समजावून सांगितलं. त्याचं वेगळं तेल मिळतं, तेही थोडंसंच लावतात. आत्ता कापडाने टिपून घे, इंजिनाला काही होत नाही, घरी गेल्यावर साबणाने धू. मग त्याने जुन्या फिल्टरचं विचारलं. मी कापसाचं सांगितल्यावर म्हणाला, "मंग गाडी त्यानंच गुदमरली होती. साधा नवा फिल्टर टाकला असता तरी बराबर पळाली असती. हा नुसता आवाज करतो."

मी फिल्टर काढून माझ्या ओढणीने पिळून पुसला. अण्णा तंबाखू मळत शेजारी उभे होते. त्यांनी एका बाजूचं बोलणं ऐकलं होतं, दुसरी बाजू मी सांगितली. सांगताना अडखळले. चढ माझ्या फिल्टरने चढला नाही, जुना काढल्याने चढला. साधा बसवला तरी चालेल. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि चावी माझ्यापुढे धरली. "आवाज राहू दे," म्हणाले. "आन् आता तू चालव."

पुलावर परत येताना मी चालवत होते, आणि खोटं कशाला सांगू, गरज नसताना पाय दाबला. मागून दोघी एका सुरात म्हणाल्या, अजून.

भंगारवाला दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. अण्णा आत बसले आणि गाडी चालू केली. एकदा दाबली, सोडली. पुन्हा दाबली. चेहरा असा की जणू हे कामाचंच आहे. भंगारवाला बॉनेटवर वाकला, हळदीकुंकू लावलेल्या त्या लाल शंकूकडे पाहिलं, आणि मग नाक वर करून म्हणाला, "ताई, काय तळून राह्यल्या?"

इंजिनात अजून थोडं तेल राहिलं होतं. पण माय तोवर खरंच कढई ठेवून बसली होती. त्याने ओट्यावर बसून भजे खाल्ले, अण्णांशी कापसाबद्दल बोलला आणि आल्या टेम्पोने रिकामाच परत गेला. जाता जाता मला विचारून गेला की टेम्पोला हा फिल्टर बसतो का. मी म्हटलं, माहीत नाही, विचारून सांगते.