दवाखान्याच्या नावाची बांधी

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे. चौथीच शिकले, माफी असावी.

माझा नवरा भंडाऱ्याच्या दवाखान्यात खाट न मिळाल्यानं जमिनीवरच गेला. मूलबाळ नाही. म्हणून माझ्या नावाची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, माझ्यामागे त्या दवाखान्याला खाटांसाठी जावी, असं मृत्युपत्र मी मोहाडीला जाऊन केलं.

भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, अंगणात येऊन ओरडला. भासऱ्यानं आणि भावसुनेनं एकमेकांशी बोलायची आमच्यात रीत नाही, म्हणून तो माझ्या जावेला म्हणाला, "इचार तिले, दवाखाना तिचा कोण लागते? भावाची तेरवी मीनं केली. बाराशे लागले. बांधी माही!"

तेरवीत जेवले ते त्याचेच सोयरे. मी पदर ओढून जावेला म्हटलं, "सांगा त्याहिले, पैसे भेटतील. बांधी भेटत नाही."

"मुकीले तोंड फुटलं वो!" तो हसला.

ते हसणं मी विसरले नाही, विसरणारही नाही. तेव्हाच्या तुटपुंज्या मजुरीवर तीन वर्षं लोकांच्या बांध्यांत धानाच्या रोवण्या केल्या. मग बाराशे जावेच्या हाती दिले. त्यानं दोनदा मोजले.

"फिटले असं म्हणा म्हणावं त्याहिले," मी जावेला म्हटलं.

शेजारणी ऐकत होत्या. खाली पाहून तो म्हणाला, "फिटले."